जीवनौकेच्या अंगावरचे पट्टे



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कांहींजणांना नवल वाटेल. समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या कुशींत वसलेल्या भोर-वेल्ह्याच्या मुलुखासंबंधानें बोलावयाचें, आणि तेंहि तेथील गडांविषयीं किंवा भाताच्या खाचरांविषयीं न बोलतां जीवनौकेच्या एका हातभर लांकडी नमुन्याविषयीं! जीवनौका म्हणजे जिला आपण व्यवहारांत लाइफबोट म्हणतों ती. त्यांतूनहि नमुना कसा घडवावा हें मी विस्तारानें सांगणार नाहीं; त्याला रंग कसा द्यावा आणि त्याच्या अंगावर पट्टे कसे ओढावे, एवढेंच सांगणार आहें. विषय लहान आहे खरा. परंतु या पट्ट्यांपैकीं प्रत्येकाच्या मागें माणसाच्या जिवाचा हिशेब आहे, आणि तो हिशेब आपल्या घरांतील मुलांना समजावा, यासाठीं हा खटाटोप.

प्रथम भोर-वेल्ह्याचा आणि नावेचा संबंध काय, तें पाहूं. हा मुलूख डोंगराळ असला तरी कोरडा नाहीं. भोरजवळ वेळवंडी नदीवर भाटघरचें धरण आहे. तेथें पहिलें धरण एकोणिसाव्या शतकांतच झालें होतें. सध्यांचें मोठें धरण विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत पुरें झालें, आणि त्याच्या जलाशयांत सुमारें साडेतेवीस अब्ज घनफूट पाणी मावतें. नीरा नदीवर देवघरचें धरण आहे. वेल्ह्याच्या बाजूस आंबी नदीवर पानशेत, मोसे नदीवर वरसगांव आणि शिवाय गुंजवणीचें धरण आहे. यांपैकीं पानशेतचें नांव पुणेकर कुटुंबांना निराळें सांगावयास नको. १२ जुलै १९६१ रोजीं तें फुटलें, आणि पाणी काय करूं शकतें तें पुण्यानें एका दिवसांत पाहिलें.

धरणें झालीं तेव्हां खोऱ्यांतील पायवाटा पाण्याखालीं गेल्या. पूर्वीं ओढा ओलांडला कीं शेजारचें गांव लागे, तेथें आतां पाण्याचा विस्तार पसरलेला असतो. पैलतीरास जावयाचें तर डोंगराला वळसा घालावा, नाहींतर नावेंत बसावें. म्हणजे समुद्र जरी येथें नसला तरी नाव आहे, आणि जेथें नाव आहे तेथें तिच्यांत बसणाऱ्याची काळजीहि असली पाहिजे. शिवाय आरमाराचा विचार या डोंगरांना अपरिचित आहे असें थोडेंच आहे? सिंधुदुर्गाच्या बांधकामास २५ नोव्हेंबर १६६४ रोजीं मालवणच्या समुद्रांत आरंभ झाला, तेव्हां शिवछत्रपतींची राजधानी याच मुलुखांतील राजगडावर होती.

आतां जीवनौकेकडे वळूं. बुडणाऱ्यांस वांचविण्यासाठींच म्हणून खास नाव बांधावी, ही कल्पना अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडांत मूळ धरूं लागली. १८२४ सालीं तेथें या कार्यासाठीं एक राष्ट्रीय संस्था निघाली, आणि ती आजहि काम करीत आहे. तिच्या जुन्या वल्ह्यांच्या नावा निळ्या, पांढऱ्या व तांबड्या अशा तीन रंगांनीं रंगविलेल्या असत. मोठ्या आगबोटींवर टांगलेल्या जीवनौका मात्र बहुधा पांढऱ्या असत. एप्रिल १९१२ मध्यें टायटॅनिक बुडाली तेव्हां तिच्यावर अशा वीस नावा होत्या. त्यांत मिळून ११७८ माणसांची सोय होती, आणि बोटीवर होतीं सुमारें २२०० माणसें! जवळजवळ १५०० माणसें त्या रात्रीं गेलीं. पुढें १९१४ सालीं लंडनला समुद्रावरील जीवितरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला तो या घटनेनंतरच.

आपल्या घरचें उदाहरण याहून जवळचें आहे. १७ जुलै १९४७ रोजीं सकाळीं रामदास ही आगबोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली आणि भर पावसाळी समुद्रांत काशाच्या खडकाजवळ कलंडून थोड्याच वेळांत बुडाली. सहाशेंहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. मुंबईपासून इतक्या जवळ हा अनर्थ झाला, तरी शहराला त्याची वार्ता कित्येक तासांनीं लागली. कोळी बांधवांनीं आपल्या होड्यांतून जितक्यांना वर काढतां आलें तितक्यांना काढलें. खवळलेल्या करड्या पाण्यांत माणसाचें डोकें नारळाएवढेंहि दिसत नाहीं. जो दिसला तो वांचला, जो दिसला नाहीं तो गेला. या एका वाक्यांत जीवनौकेच्या रंगाचें सारें शास्त्र आहे.

घराला रंग देतांना आपण त्यांत राहणाऱ्याची आवड पाहतों. जीवनौकेची गोष्ट उलटी आहे. तिचा रंग आंत बसणाऱ्यासाठीं नसतो, तर तिला दुरून शोधणाऱ्यासाठीं असतो. पांढरी नाव पाहावयास सुंदर खरी. परंतु वाऱ्यानें लाटांचे माथे फुटूं लागले कीं सारा समुद्रच पांढऱ्या ठिपक्यांनीं भरून जातो, आणि त्यांत तो एक ठिपका कोणास ओळखूं यावा? निळ्या-हिरव्या पाण्यावर डोळ्याला चटकन् टोंचणारा रंग म्हणजे नारिंगी. म्हणूनच हल्लींचे आंतरराष्ट्रीय नियम असें सांगतात कीं, जीवनौकेच्या ज्या ज्या भागामुळें ती दिसण्यास मदत होईल तो तो भाग झगझगीत तांबूस नारिंगी, किंवा तितक्याच ठळकपणें दिसेल अशा रंगाचा असावा. आपल्या नमुन्यालाहि हाच रंग द्यावयाचा. मुलानें “मला निळी नाव आवडते” असा हट्ट धरला तर त्याला ओरडूं नये; निळा व नारिंगी असे दोन चिठोरे घेऊन धरणाच्या कांठीं जावें आणि दोन्ही पाण्यावर सोडून दहा पावलें मागें यावें. पुढचें काम पाणीच करील.

नमुना खऱ्या नावेच्या विसाव्या हिश्शाचा धरूं. म्हणजे सात मीटर लांबीची उघडी नाव आपल्याकडे पस्तीस सेंटिमीटरांची होईल आणि तिची रुंदी दहा-साडेदहा सेंटिमीटर भरेल. लांकूड हलकें हवें. सावंतवाडीचे कारागीर खेळण्यांसाठीं पांगाऱ्याचें लांकूड वापरीत आले आहेत. तें याहि कामास उत्तम. ठोकळा बाहेरून घडवून आंतून पोखरावा, आणि मग रंगाच्या तयारीस लागावें.

रंगाचें निम्में काम रंगाचा डबा उघडण्यापूर्वींच होतें. प्रथम जाड्या व नंतर बारीक कांचकागदानें लांकडाच्या रेषेच्या दिशेनें घांसावें. भेगा व खळगे लांबीनें भरून ते वाळल्यावर पुनः घांसावे. मग अस्तराचा एक हात आंतून-बाहेरून द्यावा, म्हणजे लांकूड पाणी पिणार नाहीं. अस्तर वाळल्यावर बोट फिरवून पाहावें. डोळ्यास न दिसणारा खडबडीतपणा बोटाला कळतो. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. विसाव्या हिश्शाच्या नमुन्यावर पाव मिलिमीटर जाडीचा ओघळ राहिला तर खऱ्या नावेच्या मानानें तो अर्धा सेंटिमीटर जाडीचा झाला. म्हणून रंग पातळ करून दोन-तीन हात द्यावे, एकाच दाट हातांत काम उरकूं नये. भोर-वेल्ह्याकडे श्रावणांत हवा इतकी ओली असते कीं रंग वाळतां वाळत नाहीं. त्या दिवसांत घाई केल्यास पहिला हात दुसऱ्याबरोबर निघून येतो. दिवाळीनंतरची कोरडी हवा या कामास चांगली.

आतां पट्टे. आपल्या नमुन्यावर मुख्य पट्टे दोन: एक पाण्याजवळचा आणि दुसरा कांठाजवळचा. दोहोंचा स्वभाव अगदीं भिन्न आहे. पाण्याजवळच्या पट्ट्याचें मोजमाप पाणी ठरवितें, म्हणून तो बाजूनें पाहतां तंतोतंत सरळ असतो. कांठाचा पट्टा नावेच्या घडणीप्रमाणें जातो. नाळेकडे व मागील टोंकाकडे वर चढतो, मध्यें खालीं झुकतो. नवशिके बहुधा पाण्याचा पट्टाहि कांठाला समांतर असा वांकडा ओढतात, आणि मग पाण्यांत सोडलेली नाव पाठ मोडल्यासारखी दिसते.

भाटघरच्या कांठीं उन्हाळ्यांत गेलेल्यांनीं निसर्गाचा असाच पट्टा पाहिला असेल. पाणी जसजसें उतरतें तसतशा कांठच्या उतारावर एकाखालीं एक अशा सपाट रेघा उमटतात. वेळवंडचें कांबरेश्वराचें देऊळ, जें वर्षांतील बहुतेक काळ पाण्याखालीं असतें, तें त्या दिवसांत वर येतें. डोंगराचा उतार कितीहि वेडावांकडा असो, पाण्याची रेघ आपली पातळी सोडीत नाहीं. नमुन्यावरील जलरेषा ओढतांना हेंच दृश्य डोळ्यांसमोर ठेवावें.

ही रेघ कोठें ओढावी? याचें उत्तर तर्कानें न देतां प्रयोगानें द्यावें, आणि यांतच खरी मौज आहे. नमुना विसाव्या हिश्शाचा म्हणजे त्याची लांबी विसावा हिस्सा, रुंदी विसावा हिस्सा आणि उंचीहि विसावा हिस्सा. म्हणून वजन मात्र वीस गुणिलें वीस गुणिलें वीस, म्हणजे आठ हजारावा हिस्सा झालें पाहिजे. खरी नाव आठशें किलोंची असेल तर नमुना शंभर ग्रॅमांचा हवा. कमी भरला तर तळाशीं शिशाचा तुकडा बसवून वजन पुरें करावें. याच हिशेबानें चौसष्ट किलोंचा एक माणूस म्हणजे आठ ग्रॅमांचा एक खडा. नदीकांठचे गोटे गोळा करून तराजूवर आठ-आठ ग्रॅमांचे वीस खडे निवडावे. हे आपले वीस उतारू!

मग मोठ्या परातींत किंवा टबांत पाणी घेऊन अस्तर दिलेली रिकामी नाव त्यांत सोडावी आणि पाणी जेथें टेकतें तेथें नाळेवर, मागें आणि दोन्ही बाजूंच्या मध्यावर पेन्सिलीनें बारीक खुणा कराव्या. नंतर वीस खडे नावेंत सारखे पसरून ठेवावे व पुनः तशाच खुणा कराव्या. अशा आकाराच्या नावेंत दोन खुणांमधील अंतर सुमारें सहा मिलिमीटर भरतें, म्हणजे खऱ्या नावेवर सुमारें बारा सेंटिमीटर. वीस माणसें बसलीं कीं नाव टीचभरहि न खचतां वितीच्या निम्म्यानें खालीं जाते. परंतु तेवढ्याच वितीच्या निम्म्यावर सारा खेळ असतो. या दोन खुणांमधली जागा आपण पांढरी रंगवावयाची. रिकाम्या नावेचा पांढरा पट्टा सबंध दिसतो, अर्धी भरली तर अर्धा दिसतो, आणि पट्टा दिसेनासा झाला कीं समजावें, आतां आणखी एकहि माणूस घ्यावयाचा नाहीं.

ही युक्ति माझी नव्हे. गेल्या शतकाच्याहि मागच्या शतकांत इंग्लंडांत जहाजांचे मालक लोभानें इतका माल भरीत कीं जहाजें वाटेंतच बुडत. सॅम्युएल प्लिम्सॉल या पार्लमेंटच्या सभासदानें त्याविरुद्ध झगडून १८७६ सालीं जहाजाच्या अंगावर भाररेषा काढण्याचा कायदा करविला. रेघ कोठें काढावी हें आरंभीं मालकाच्याच मर्जीवर होतें. पुढें तेंहि कायद्यानें ठरविलें. खलाशाला लिहितां-वाचतां येवो वा न येवो, ती रेघ पाण्याखालीं गेलेली त्याला दिसे. एवढ्या साध्या खुणेनें जितके जीव वांचविले तितके मोठमोठ्या यंत्रांनींहि क्वचित् वांचविले असतील.

खुणा झाल्यावर नाव पुसून कोरडी करावी आणि सपाट टेबलावर आधार देऊन अशी बसवावी कीं चारहि खालच्या खुणा टेबलापासून सारख्या उंचीवर येतील. मग लांकडाच्या ठोकळ्यावर पेन्सिल आडवी बांधून तिचें टोंक त्या खुणेच्या उंचीस आणावें, आणि ठोकळा टेबलावरून सरकवीत नावेभोंवतीं सबंध फिरवावा. रेघ आपोआप पातळींत उमटते. सुतार ताणलेल्या सुतावर विश्वास ठेवतो, हाताच्या अंदाजावर ठेवीत नाहीं. आपणहि टेबलावर विश्वास ठेवावा. वरच्या रेघेसाठीं हेंच पुनः करावें. जेथें नावेचें अंग आंत वळतें तेथें दोन रेघांमधील अंतर अधिक रुंद दिसेल. तें दोष समजून दुरुस्त करूं नये. बाजूनें पाहतां तेंच अंतर सारखें दिसतें.

रंग देण्याचा क्रम असा. प्रथम पांढरा, कारण फिकट रंगावर गडद रंग सहज बसतो, गडदावर फिकट बसत नाहीं. पांढरा रंग दोन्ही रेघांच्या जरा बाहेरपर्यंत द्यावा व पुरा वाळूं द्यावा. मग अरुंद चिकटपट्टी घेऊन पांढरा पट्टा झांकावा. चिकटपट्टी ताणून लावूं नये. ताणलेली पट्टी वळणावर हळूहळू आखडते आणि रेघ सोडते. तिची कड नखानें दाबून बसवावी. त्यानंतर जाणत्यांची एक युक्ति आहे: कडेवरून पुनः एक पातळ हात पांढऱ्याचाच द्यावा. कडेखालीं जो रंग झिरपावयाचा तो पांढराच झिरपतो आणि फट बुजते; मग वर नारिंगी व खालीं गडद तांबडा दिला तरी तो आंत शिरत नाहीं. शेवटचा हात पुरता कडक होण्यापूर्वीं पट्टी आपल्याच अंगावर दुमडून सावकाश ओढून काढावी. सरळ वर उपटली तर रंगाचे टवके निघतात. पट्टी निघतांना तिच्या खालून जी धारदार पांढरी रेघ प्रगट होते, ती पाहतांना मुलांच्या तोंडावर जो आनंद दिसतो तो विकत मिळत नाहीं.

दुसरा पट्टा कांठाजवळचा, आणि तो अखंड नसून तुटक असतो. खऱ्या जीवनौकेवर कांठाच्या माथ्यावर व बाहेरच्या अंगास प्रकाश परतविणाऱ्या फितीचे तुकडे लावतात. अंधारांत विजेरीचा झोत त्यांवर पडला कीं तो इतस्ततः न विखुरतां ज्या बाजूनें आला त्याच बाजूस परत जातो. त्यामुळें झोत टाकणाऱ्याच्या डोळ्यांस ती फीत दिव्यासारखी लखलखते. १९८९ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींप्रमाणें असा तुकडा निदान दीडशें चौरस सेंटिमीटरांचा, म्हणजे पांच सेंटिमीटर रुंद तर तीस सेंटिमीटर लांब, असावा आणि एकाच्या मध्यापासून दुसऱ्याचा मध्य सुमारें ऐंशी सेंटिमीटरांवर यावा. आपल्या हिशेबानें तुकडा अडीच मिलिमीटर रुंद, पंधरा मिलिमीटर लांब आणि अंतर चाळीस मिलिमीटर. सायकलीच्या दुकानांत मिळणाऱ्या चमकत्या फितीचे तुकडे कापून हें काम उत्तम होतें. रात्रीं खोलींतला दिवा मालवावा, विजेरी कपाळाशीं धरावी आणि नमुन्याकडे पाहावें. नाव दिसत नाहीं, पण तिचा कांठ एखाद्या माळेसारखा उजळतो. तीच विजेरी दुसऱ्यानें बाजूस उभें राहून धरली तर माळ विझते. मुलांनीं दोन्ही प्रकार करून पाहावे. शंभर शब्दांचें काम त्या एका क्षणांत होतें.

याखालीं बाहेरून दोरीचीं पुलें टांगावयाचीं असतात. पाण्यांतल्या माणसाला नावेवर चढतां आलें नाहीं तरी तिला धरून तरी राहतां यावें, हा त्यांचा हेतु. जाड सुताचीं पुलें समान अंतरावर चिकटवावीं. सर्वांत शेवटीं अक्षरें. जीवनौकेच्या नाळेच्या दोन्ही अंगांस तिच्या जहाजाचें व बंदराचें नांव असतें, आणि किती माणसांसाठीं ती आहे तो आंकडा न पुसणाऱ्या ठळक अक्षरांत लिहिलेला असतो. नांव मुलाला आवडेल तें द्यावें. आंकडा मात्र प्रयोगानें ठरला तोच लिहावा.

नमुना वाळला कीं एक प्रयोग अवश्य करावा. वीसहि खडे भरलेल्या नावेंतले दहा खडे उचलून सारे एका कांठाशीं ठेवावे. पांढरा पट्टा एका बाजूस पाण्यांत बुडतो, दुसऱ्या बाजूस वर उचलला जातो. आणखी थोडे सरकविले तर पाणी कांठावरून आंत येतें. वजन वाढलें नाहीं, माणसें वाढलीं नाहींत, तीं फक्त एका बाजूस आलीं! कांठ दिसूं लागतांच सर्वांनीं एकदम उठून एका बाजूस गर्दी करणें म्हणजे काय, हें यानंतर त्या मुलाला कोणीं सांगावें लागत नाहीं.

एन्. सी. सी. च्या नौदल शाखेंतील विद्यार्थ्यांना जहाजांचे नमुने बनविण्याचें शिक्षण मिळतें व त्यांत त्यांच्या स्पर्धाहि होतात. पण हें काम तेवढ्यांपुरतें राहूं नये. पुण्या-मुंबईचीं कुटुंबें सुट्टीच्या दिवशीं राजगड-तोरण्याला आणि धरणांच्या कांठीं जातात, नावेंत बसतात, हंसतखेळत परत येतात. त्या कांठच्या गांवांतील लोकांचा नावेशीं संबंध सुट्टीपुरता नसतो. बाजार, शाळा, दवाखाना यांसाठीं तो असतो. दोघांच्याहि उपयोगाची अशी एक सूचना मी करतों. खऱ्या नावेंत किती माणसें बसवावीं हें ठरविणें जाणकाराचें व सरकारी तपासणीचें काम आहे. परंतु तें एकदां ठरल्यावर तो आंकडा व तो पट्टा नावेच्या अंगावर ठळकपणें असावा, कांठ नारिंगी असावा आणि चमकत्या फितीचे तुकडे त्यावर असावे, यास कितीसा खर्च येणार? एक डबा रंग, हातभर फीत आणि एक दुपार.

आणि पट्टा असला तरी तो पाहणारा डोळा हवा. गर्दीच्या वेळीं “बसा हो, एकानें काय होतें” असें म्हणणारा कोणी तरी असतोच. त्या वेळीं ज्या मुलानें आठ ग्रॅमांचा एकेक खडा मोजून नावेंत ठेवला आहे आणि पांढरी रेघ हळूहळू नाहींशी होतांना पाहिली आहे, तें मूल वडिलांचा हात धरून म्हणेल, “बाबा, आपण पुढच्या खेपेला जाऊं.” तेवढें झालें म्हणजे रंगाचे पैसे वसूल झाले असें मी समजेन.